पेवाचा कंदील

चालत्या तिफनीचा बैल मी सोडला, तिथून ह्याची सुरवात झाली. मालकानं न्हाई, मी सोडला. गावातली म्हातारी मानसं अजून म्हनतात, बाईनं पेरता बैल सोडला. खरं हाय. बाईनंच सोडला, आन् ती बाई मी.

आमी पेडगावचे. दोघं भाऊ, थोरले आसाराम, म्हंजे माझे भाया, आन् धाकटे मुंजाजी, म्हंजे माझे मालक. सासरा गेल्यावर वाटन्या झाल्या. रान निम्मं, घर निम्मं, मधी कुडाची भिंत घातली. बैल दोन व्हते, एकेक आला. आमच्याकडं तांबडा, त्यांच्याकडं पवळ्या. घरात कंदील एकच व्हता. सासू भागुबाई थोरल्याकडं राहायला गेली आन् म्हातारीला अंधारात दिसायचं न्हाई, म्हनून कंदीलबी तिच्या मागं गेला. आमच्याकडं पत्र्याची चिमनी राहिली. अंगन आन् अंगनातलं पेव तेवढं दोघांत राहिलं. पेवाला कुठं चिरता येतंय?

तुमी आता पेव बघितलं नसंल. पांढऱ्या मातीत खनलेलं धान्याचं भुयार. तोंड मानसाच्या खांद्याएवढं, आत पोट अडीच पुरुष खोल. उतरायला कडंनं पाय ठिवायच्या खोबन्या. वरून फरशी ठिवायची आन् चिखलानं लिंपून टाकायची. आत हवा जाऊ द्यायची न्हाई. हवा न्हाई गेली की किडा जगत न्हाई आन् जवारी पाच पाच सालं राहती.

एका बैलावर औत चालत न्हाई, म्हनून दोघा भावांनी वारंगुळा केलता. चार दिस जोडी त्यांच्या रानात, चार दिस आमच्या. तीन सालं झ्याक चाललं. मंग ते साल आलं, ज्या दिवाळीत आपला मुलूख मुंबई राज्यात गेला. दिवाळीच्या आधी जवारीची पेरनी लागली. त्यांचे चार दिस झाले, पाचव्या दिशी सकाळी जोडी आमच्या रानात यायची. पन भायाचं अर्धं एकर राहिलं व्हतं आन् रानातली वल उडायलती.

मालक म्हनाले, "होऊ दे त्यांचं दुपारपस्तोर."

मला कुठला दम? म्हनलं, आमची वल काय उडत न्हाई का? तशीच तरातरा रानात गेले. भाया तिफन हाकायलते, जाऊ बायनाबाई चाड्यावर बियाची मूठ धरून मागं चाललेली. मी म्होरं झाले, मानेखालचं जोतं सोडलं आन् तांबड्याला जुवाखालून बाहेर काढलं. वळीच्या मधात. जू एका अंगाला पडलं, तिफन कलंडली आन् बायनाबाईच्या वटीतलं बी मातीत सांडलं.

आमच्यात भाया भावजयीशी बोलत न्हाई. काय सांगायचं असंल तर दुसऱ्याला सांगितल्यावानी करून सांगतो. आसाराम पवळ्याकडं बघत म्हनाले, "पेरता बैल सोडत न्हाईत, बाबा. तुला तरी ठावं हाय." आन् मंग म्हनाले, "आता ह्या बैलाशेजारी आपला पवळ्या उभा राहायचा न्हाई."

बायनाबाईचं तसं न्हाई. ती मातीतलं बी येचता येचता म्हनाली, "सटवीनं लिहिलेलं येक येळ पुसंल मनकर्णे, पन ह्ये मी इसरायची न्हाई."

"नका इसरू," मी म्हनलं. "कोन म्हनायलंय इसरा?"

जीभ व्हती का कोयता. आता म्हातारपनी ती बोथट झाली म्हनून तुमी बसून ऐकायलाव.

घरी आल्यावर मालक काही बोलले न्हाईत. तांबड्याच्या मानेवर हात फिरवत बसले. न बोलनाऱ्या मानसाचा मला लय राग येतो. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आमची पेरनी मंग भाड्याच्या जोडीनं केली, तीबी निम्मी. निम्मं रान तसंच पडलं. येनारे-जानारे बांधावर थांबून पडीक रान बघायचे आन् पुढं जायचे.

आता एकच करायचं व्हतं. पाडव्याच्या आत दुसरा बैल आनायचा. न्हाई आनला तर उन्हाळ्याची वखरनी न्हाई, पुढची पेरनी न्हाई, आन् रान दुसऱ्याला बटईनं देऊन आपन त्याच रानात मजुरीला जायचं. मला रातदिस तेच दिसायचं. मी माझ्याच रानात खुरपं घेऊन बसलेय आन् बायनाबाई बांधावरून जायलीय.

हिरीजवळच्या तुकड्यात मालकानं रताळ्याचे येल लावले व्हते. रान हलकं, पानी थोडं, पन रताळी अशी आली की वाफा फुटायला लागला. मार्गेसरात काढायला झाली. तर परभनीच्या बाजारात जिकडं बघावं तिकडं रताळीच. शेरडानं तोंड घातलं तरी इकनारा हाकलंना. मालक एक गोनी घेऊन गेले आन् निम्मी तशीच परत आनली.

"शिवरातीला ह्याच रताळ्याला लोकं हात जोडतात," ते म्हनाले. "तवर कुठं ठिवावी? घरात ठिवली की एक तर कोंब येतात, न्हाईतर कुजतात."

म्हातारी कुडापल्याडून ऐकायलती. डोळे मंद झाले तरी कान शाबूत. भिंतीपल्याडूनच म्हनाली, "पेव रिकामंच हाय की. रझाकाराच्या सालात त्यात जवारी दडवलती, ती काढल्यापासून कुनी झाकनबी उचललं न्हाई. धान्य राहतं तर कंद का राहू नये? पन आधी शेकून घ्या."

पेव दोघांचं. इचारल्याबिगर कसं वापरावं? मालक भायाच्या दारात गेले आन् उंबऱ्याबाहेर उभे राहिले. जन्म ज्या घरात झाला त्या घराच्या उंबऱ्याबाहेर.

"दादा, पेव लागतंय."

"दोघांचं हाय," आतून आवाज आला. "वापरा."

बसा म्हनलं न्हाई, पानी घ्या म्हनलं न्हाई. मालक परत आले आन् फावडं उचललं.

मंग आठ दिस कंबर सरळ झाली न्हाई. पेवात तुराट्या टाकून जाळ केला, दोन दिस भिंती शेकल्या. राख तिथंच पसरली, वर कडबा अंथरला. रताळी खनताना खुरप्याचं टोकबी लागू द्यायचं न्हाई, वरखडा उठला की तिथून कुजतं. चार दिस उन्हात टाकली, साल टनक झाली. पानी लावायचं न्हाई, माती हातानं पुसायची. एकेक रताळं बाळतिनीचं लेकरू घ्यावं तसं घेतलं मी. मालक खाली, मी वर. टोपल्याला दोर बांधून सोडायचं. एक थर रताळी, एक थर वाळला कडूलिंबाचा पाला आन् राख, परत रताळी. पेव निम्म्याला आलं. फरशी सरकवली, चिखल-शेन कालवून मी तोंड लिंपलं. नखं फुटली, बोटांतून रगत आलं.

लिंपताना म्हातारी काठी टेकत आली आन् फरशीवर हात फिरवून म्हनाली, "मुंजा, उघडशील तवा आधी कंदील सोड. कंदील जळाला तर उतरायचं. विझला तर दिसभर उघडं ठिवायचं. पेवातली वाफ मानूस खाती."

"ठावं हाय, आई," मालक म्हनाले. पेव असलेल्या घरात हे पोरासोरालाबी ठावं असतं.

पुसात एक डाव उघडून बघितलं. सकाळी फरशी काढली आन् रानात गेलाव. सांज झाल्यावर मालक उतरले, चार रताळी वर आनली. अशी की काल खनली. तोडल्यावर चीक आला! मी ती चारी उरापाशी धरली आन् अंगनातच नाचले. परत लिंपून टाकलं. त्या दिशी कंदील लागलाच न्हाई, आन् तिथंच मनानं घेतलं की रताळ्याला कंदील लागत न्हाई.

माघ सरत आला. शिवरात चार दिसांवर आली. दुसऱ्या दिशी भल्या पहाटं आमच्या गोन्या घेऊन एक गाडी परभनीला जानार, असं ठरलं. गाडीवाला थांबनारा नव्हता. म्हनजे आजच्या आज रताळी वर काढायची, निवडायची, गोन्या भरायच्या. सासू जिंतूरला लेकीकडं गेलेली. सकाळची न्याहारी झाल्या झाल्या आमी दोघांनी पेवाचा चिखल फोडला, फरशी सरकवली. आतून वास आला, गोडसर, जरासा दारूवानी.

मालक वाकून बघत म्हनाले, "कंदील लागंल."

"कशाला?" मी म्हनलं. "गरमी धान्याला. रताळं थंड. थंडाला कसली आलीय वाफ?"

"तरीबी. दादाकडून मागून आनतो."

"जायचं न्हाई!" माझा आवाज असा चढला की त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पेवासाठी उंबऱ्याबाहेर उभं केलं तेवढं बास झालं. आता काडेपेटी, मीठ, कंदील मागत फिरा दारोदार. आपली चिमनी हाय की."

चिमनी पेटवली, सुतळी बांधली, सोडली. गळ्याच्या खाली गेली आन् विझली.

मालक म्हनाले, "विझली."

मी म्हनलं, "हलली म्हनून विझली. चिमनीला काच हाय का? फुंकर लागली तरी विझती ती."

परत पेटवली, परत सोडली. परत विझली.

"बघा, सुतळीच पीळ खायलीय," मी म्हनलं. "गरगर फिरल्यावर कशी जळंल? तुमी उतरता का मी उतरू?"

हे मी बोलले. दुसरं कुनी बोललं न्हाई. आज इतकी सालं झाली, पन कवा कवा भाकरी थापताना ते शब्द आठवतात आन् हात थांबतो माझा.

मालकानं धोतर खोचलं आन् खोबन्यांत पाय देत उतरले. मी टोपलं सोडायला दोर उलगडायलते. खाली पाय टेकल्याचा आवाज आला. मंग म्हनाले, "मनकर्णे, डोकं..." आन् धप्पकन आवाज झाला. रताळी घरंगळली.

"अवं," मी म्हनलं. "अवं! काय झालं?"

काही न्हाई. वाकून बघितलं तर पांढरी बंडी तेवढी दिसली, आडवी. मी अशी किंचाळले की अंगनातल्या लिंबावरचे कावळे उडाले. आन् दोर टाकून मीबी खोबनीत पाय घातला. इचार कसला? कंबरेपस्तोर आत गेले आन् कुनीतरी मागून माझा बुचडा धरला, असा की मुळापासून केस उपटावेत. ओढून वर काढलं आन् तोंडात एक ठिवून दिली.

बायनाबाई.

"दुसरं मढं करतीस व्हय, सटवे?" ती वरडली. "येकामागं येक उतरून घरंच्या घरं मेलीत पेवात! बस हितं!"

तिच्या दुसऱ्या हातात कंदील व्हता. जळता. भर दिवसा. मी बघितलं, पन तवा माझ्या ध्यानात काहीच शिरलं न्हाई. तिनं तो कंदील माझ्या दोराला बांधून आत सोडला. हातभर खाली गेला न्हाई तोच वात निळी झाली आन् गेली. काच असलेला कंदील, ना हलला ना डुलला.

"आवं, ऐकायलाव का!" ती घराकडं तोंड करून वरडली. "भावजी पेवात पडलेत!"

भाया गोठ्यातून आले ते उघडेच, हातात शेनाची पाटी. पाटी टाकली. आत एक डाव बघितलं, मंग लिंबाकडं धावले आन् कुऱ्हाडीनं एक डाहाळ तोडली, चांगली पानांची. तिला दोर बांधून बायनाबाईच्या हातात दिली. ती डाहाळ पेवात सोडायची आन् झपकन वर ओढायची, सोडायची आन् ओढायची, म्हंजे आतली वाफ वर यावी आन् वरची हवा आत जावी. बाई धिप्पाड, हात गाडीच्या दांडीवानी. पान्यातून काढल्यावानी घाम गळायला लागला तिचा, पन थांबली न्हाई.

तवर भायानं मोटेचा नाडा आनला. बारका कासरा स्वतःच्या कंबरेला बांधला, त्याचं दुसरं टोक लिंबाच्या बुडाला येढा देऊन बायनाबाईच्या हातात दिलं. आन् मंग माझ्याकडं वळले. लगीन होऊन अकरा सालं झालती. अकरा सालांत त्या मानसानं माझ्याकडं तोंड करून एक शब्द काढला नव्हता.

"मनकर्णे," ते म्हनाले, "बैल जूप. दोन्ही."

मी उठले. तांबड्याला सोडलं, पवळ्याला सोडलं, जू आनलं. चार-पाच महिने झालते, दोघं एका जुवाखाली आले नव्हते. वाटलं, आता शिंगं देतील. पवळ्यानं तांबड्याची मान हुंगली, एक डाव फुरफुरला, आन् आपल्या अंगाला जाऊन उभा राहिला. डाव्या अंगाला, जिथं नेहमी असायचा तिथं. जोतं बांधताना माझ्या बोटांना गाठ जमंना. ज्या बोटांनी ते सोडलं तीच बोटं. मी तांबड्याच्या कानात म्हनलं, "माझ्या बापा, आजच्या दिस माझं ऐक."

भाया छाती भरून आत उतरले. मी मनात मोजायलते. तीस झाले न्हाईत तोच कासऱ्याला झटका बसला. बायनाबाईनं ओढलं. वर आले ते व्हट निळे, डोळे बाहेर.

"हाताला लागला," ते धापा टाकत म्हनाले. "ऊन हाय अजून. रताळ्याच्या ढिगावर पडलाय, तोंड वर."

"परत नका जाऊ, मी पाया पडते," मी म्हनलं. खरंच म्हनलं. मला वाटलं, आता दोन्ही घरं जातील.

"गप!" बायनाबाई म्हनाली. नवऱ्याला म्हनाली, "दम खावा. वीस येळा डाहाळ मारते, मंग जा."

तिनं वीस येळा मारली. एकबी कमी न्हाई. तिचा नवरा, तिच्या कपाळाचं कुकू पनाला लागलेलं, आन् ती मोजून डाहाळ मारायली. मंग भाया परत उतरले. नाड्याचा फास त्यांनी मालकाच्या बगलेखालून घातला आन् कासऱ्याला झटका दिला. बायनाबाईनं आधी त्यांना वर घेतलं. मंग पेवाच्या तोंडावर वखराचं दांडकं आडवं टाकलं, त्याच्यावरून नाडा घेऊन जुवाला बांधला आन् म्हनाली, "हाक. हळू. मोट हाकतीस तशी."

मी बैल हाकले. अंगनातून कुडाकडं, इतकीच वाट. नाडा तटतटला. दोघांनी माना खाली घातल्या आन् एका पावलानं निघाले. मी तोंडानं चुचकारत व्हते आन् डोळ्यांतून पानी गळत व्हतं, आन् मागं बघायचा धीर नव्हता. वाटंत एकदा मालकाचे खांदे पेवाच्या गळ्याला अडकले. भायानं हात घालून ते सोडवले, कातडं सोललं. मंग बायनाबाई वरडली, "थांब! आला!"

लिंबाखाली टाकलं. तोंड काळंनिळं, हात लोंबते. भायानं तोंडावर पानी मारलं, छाती चोळली. बायनाबाईनं एक पाय घेतला, मी एक पाय घेतला, तळवे चोळत बसलाव. मी देवाला काय काय कबूल केलं ते मला आता सगळं आठवतबी न्हाई. किती येळ गेला कुनास ठावं. मंग त्यांनी एक मोठा श्वास आत घेतला, खरखर करत, आन् कुशीला वळून भडाभडा वकले. इतकं गोड वकनं मी जन्मात बघितलं न्हाई.

डोळे उघडले तर म्होरं दोन बैल उभे, जुवाखाली. ते बराच येळ बैलाकडंच बघत राहिले. मंग बारक्या आवाजात म्हनाले, "दादा... वारंगुळा कवा लागला?"

भाया हसायला गेले आन् तिथंच खाली बसून लहान लेकरावानी रडले. एवढा मोठा बाप्या. भावाचं डोकं मांडीवर घेतलं आन् नुसतं म्हनत राहिले, "लागलाय बाबा, लागलाय."

मी उठले आन् बायनाबाईच्या पायावर डोकं ठिवलं. तिनं पाय मागं घेतला.

"पाया नंतर पड. आधी पेवावर काटी टाक. शेरडं पडतील आत."

तशी ती. मी काटी टाकली, मंग परत येऊन पाया पडले. त्या येळी तिनं पाय काढला न्हाई. कंदील तिथंच पडला व्हता, काचेला तडा गेलेला. तवा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"बाई," मी म्हनलं, "भर दिवसा कंदील पेटवून कुठं निघाल्या व्हत्या?"

"तुज्या तोंडाची आरती करायला," ती म्हनाली. मंग पदरानं घाम पुसत कुडाकडं बघत म्हनाली, "चिखल फोडायलेले दिसलाव मला. म्हनलं, ही उर्मट बाई मेली तरी मागायला यायची न्हाई. आपनच नेऊन द्यावा. पेटवता पेटवता उशीर झाला. वात वली व्हती."

ती बाई बी येचत म्हनली व्हती, मी इसरायची न्हाई. इसरली नव्हतीच. तरी कंदील घेऊन निघाली व्हती. मागितल्याबिगर.

त्या दिशी पेव उघडंच ठिवलं. भाया गाडीवाल्याला गळ घालून थांबवून आले, उद्या न्हाई, परवा. दुसऱ्या दिशी कंदील सोडला, तो तळापस्तोर जळत राहिला. मंग भाया उतरले, मालकाला कुनी उतरू दिलं न्हाई. बायनाबाई आन् मी टोपली ओढली. रताळी अशी निघाली, तांबडी, टनक, कोंब न्हाई, डाग न्हाई. मालक लिंबाखाली डोक्याला फडकं बांधून बसलेले, तिथून म्हनाले, "पेवानं सगळं राखलं की गं. मलाबी राखलं असतं जरा येळ."

"राखलं असतं," बायनाबाई म्हनाली. "शिवरातीला इकलं असतं तुमाला, भावजी." आन् आमी चौघंबी हसलाव. चार-पाच महिन्यांत पहिल्यांदा त्या अंगनात कुनी हसलं.

शिवरातीच्या आदल्या दिशी परभनीच्या बाजारात आमच्या रताळ्याला गिऱ्हाईक लोटलं. गोन्या रिकाम्या झाल्या. बैलापुरतं आलं. मी पहिली उकडलेली रताळी ताटलीत घालून कुडापल्याड घेऊन गेले. चार-पाच महिन्यांनी तो उंबरा वलांडला. बायनाबाईनं एक खाल्लं आन् म्हनाली, "आतून कच्चं हाय." आन् ताटली पुसून खाल्ली.

दुसरा बैल आनला का, इचारता? आनला. पन आमचा म्हनून न्हाई. मालकानं पैसे दादाच्या म्होरं ठिवले आन् म्हनाले, "तिसरा आनू. दोघं औताला, एक इसाव्याला. तांबडं आता म्हातारं झालंय." भाया पवळ्याला म्हनाले, "ऐकलंस का बाबा? तुला जोडीदार यायलाय." मला हसू आलं. परत बैलाशीच बोलायला लागले व्हते. पन आता ते मला सांगायलेत हे मला ठावं व्हतं, आन् मला ठावं हाय हे त्यांनाबी. पंचक्रोशीत तीन बैलांचा वारंगुळा आमचाच. त्या पाडव्याला आमच्या रानात पहिला वखर चालला, तो पवळ्या आन् नव्या बैलानं चालवला. तांबडा बांधावर उभा राहून चरायलता.

मालक पुढं लय सालं जगले. खांद्यावर पेवाच्या गळ्याचा वरखडा शेवटपस्तोर व्हता. न्हाऊ घालताना मी त्याच्यावरून हात फिरवायची आन् मनात बायनाबाईला हात जोडायची. तोंडानं म्हनले असते तर तिनं शिवी दिली असती.

पेव अजून हाय. दर साली त्यात रताळी ठिवतो आमी, आता नातवं ठिवतात. आमच्या घरात दोन कंदील झाले, मंग इजेची बत्ती आली, आता बॅटऱ्या हायेत. तरी पेव उघडायच्या दिशी सकाळी मी डोक्यावर पदर घेते, वाटीत घासलेट घेते आन् थोरल्याच्या दारात जाते. बायनाबाई व्हती तवर ती वरडायची, "आली भिकारीन!" आन् कंदील तयारच असायचा, काच पुसलेली, तडा तसाच. आता ती न्हाई. तिची सून कासाबाई असती. ती म्हनती, "काकी, तुमच्याकडं बॅटरी हाय की, कशाला दर साली मागायला येता?"

मी म्हनते, "असू दे बाई. मागू दे मला."